स्कॉटलंडवाले सर

चहाचा कप हातात आला की सर आधी तो नाकाशी न्यायचे, एक डोळा बारीक करायचे आणि विचारायचे, "दूध आजचं कशावरून?"

आमच्या कॅन्टीनच्या मावशींना याची सवय झाली होती. त्या म्हणायच्या, "म्हस मागं बांधलीया. जावा आन् इचारा तिला." सर खरोखरच मागच्या दाराकडे एकदा बघून घ्यायचे. मग चहा घ्यायचे आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवायचे. वर आणखी अर्धा कप मागायचे.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारा, ओढून झाल्यावर परत येऊन पुन्हा ओढणारा. पण आमच्या सरांचं कुलपावर भागत नसे. 'कशावरून' हा शब्द त्यांच्या तोंडून श्वासासारखा बाहेर पडे. न्हावऱ्याची एसटी पाचला आहे म्हणा, कशावरून. परीक्षा पुढे ढकलली म्हणा, कशावरून. एकदा प्राचार्यांनी व्हरांड्यात थांबवून "तुमचं शिकवणं चांगलं आहे बरं का" असं कौतुक केलं, तर तेव्हाही निघून गेलं, "कशावरून?" प्राचार्य बिचारे विचारात पडले. त्यांनी सरांचा तास कधी ऐकलाच नव्हता.

मी शिरूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. संशय हा आमच्याही धंद्याचा भाग आहे. शर्टात पुस्तक खोचून जाणारा माणूस मला चालीवरून कळतो. त्यामुळे सर पहिल्यांदा लायब्ररीत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, स्कॉटलंडवर काही आहे का?" तेव्हा माझेही कान टवकारले. आमच्याकडे स्कॉटलंडवर काय असणार? जगाचा एक जुना नकाशा होता, त्यात वरच्या बाजूला वाळवी लागलेली होती. नेमका तोच भाग.

सर इंग्रजी शिकवायचे. कायम नोकरी नव्हती, तासांवर होते. सकाळी आमच्याकडे शिरूरला आणि दुपारनंतर दौंडच्या कॉलेजात. मधला सगळा वेळ एसटीत, मांडीवर पुस्तक. पीएच.डी. चालू होती आणि विषय होता व्हिक्टोरिया राणीच्या आणि तिच्या मुलाच्या काळातलं स्कॉटलंडचं साहित्य. त्यातही तिथल्या खेड्यांवरच्या कथा-कादंबऱ्या. माणूस कवठे येमाईचा, धनगराच्या घरातला. आजोबा दर हिवाळ्यात मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. वडिलांनी पुढे थोडी शेती केली, पण मेंढरं पुरती सोडली नाहीत. अशा घरातल्या माणसानं स्कॉटलंड कशाला धरावं, हे आमच्या स्टाफरूमला काही केल्या पचेना.

कुणी म्हणे परदेशी जायचं असणार. कुणी म्हणे गाईडनं गळ्यात बांधलं असणार. हिशेबाचे सर तर छातीठोकपणे सांगायचे, "असा काही देश आहे का, ते आधी बघा." झेरॉक्सवाल्यालाही शंका होती. सर इंटरनेटवरून शंभर वर्षांपूर्वीची पुस्तकं शोधून त्याच्याकडून छापून घ्यायचे. एकदा त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ह्यो पेपर फुटलेला तर न्हाई ना? उगं माझ्यावर यायचं."

मीही एक दिवस सरळ विचारलं. सरांनी आधी एक डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं. मी का विचारते आहे, याचा अंदाज घेत असावेत. मग म्हणाले, "या पुस्तकांना तिकडच्या टीकाकारांनी चिडवून एक नाव ठेवलं होतं. परसातल्या कोबीचं साहित्य."

"कोबी?"

"हो. घरामागं कोबीचा वाफा, पुढे साधीभोळी माणसं, मायाळू पाद्री, गरीब पण हुशार पोरगा. सगळं गाव मिळून त्याला शिकायला शहरात पाठवतं. तो पहिला येतो, आजारी पडून गावी परततो आणि सगळं गाव भोवती उभं असताना मरतो. मरताना पानभर बोलतो." सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मॅडम, अख्ख्या पुस्तकात कुणी कुणाचा बांध कोरत नाही. भावकीत भांडण नाही. चावडीवर चहाडी नाही. मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात कोबी विकणारी माणसं बघितली आहेत. वरचा गड्डा ताजा, खालचा किडका. या पुस्तकांत खालचा गड्डा कुठं आहे? एवढं गोड गाव असतं, कशावरून?"

हाच त्यांचा प्रबंध. ही खेडी खोटी आहेत, हे ते प्रकरणामागून प्रकरण सिद्ध करत चालले होते. त्या उत्साहाला कोर्टातल्या वकिलाची धार होती. घटका भरलेला पोरगा एवढं लांबलचक बोलतो, तेव्हा त्याला श्वास कुठून मिळतो, यावर त्यांनी एक टीप लिहिली होती आणि ती मला दोनदा वाचून दाखवली होती.

घोडं अडलं ते शेवटच्या प्रकरणाशी. पुण्याच्या गाईड बाईंनी विचारलं होतं, "पुस्तकं खोटी आहेत हे मान्य. पण मग लोक ती वाचून एवढे रडले का? घरोघरी ती का ठेवली गेली? हे लिहा आणि प्रबंध द्या." सरांना ते लिहिता येईना. रडणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वासच नव्हता. एक मुदतवाढ झाली, दुसरी झाली. पान लिहायचे आणि खोडायचे. स्वतःच्या वाक्यासमोरसुद्धा पेन्सिलीनं लिहिलेलं मी पाहिलं आहे, "कशावरून?"

त्या दिवसांतला शिक्रापूरचा एक प्रसंग त्यांनी मोठ्या चवीनं सांगितला होता. पुण्याहून येताना चौकात ट्रकांच्या गर्दीत एसटी अडकली. शेजारी कारखान्यात काम करणारा एक बिहारी माणूस होता. त्यानं मोबाइलवर आपल्या गावाचे फोटो दाखवले. तळं, आंब्याचं झाड, दारात बसलेली आई. म्हणाला, "हमारे गाँव में सब अच्छा है, साहब." सरांनी विचारलं, "तो फिर यहाँ क्यों आये?" त्यानं मोबाइल खिशात घातला आणि खिडकीबाहेर बघत बसला. "निरुत्तर झाला," सर म्हणाले. मला ते काही आवडलं नाही आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

एके दिवशी सरांचे वडील लायब्ररीत आले. गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हटलं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, डोळे मात्र लेकाचेच, एक बारीक केलेला. सर तेव्हा दौंडला गेले होते आणि आबांना ते माहीत होतं. मुद्दामच वेळ साधून आले होते.

"बाई, ह्यो हितं खरंच वाचतो का?" त्यांनी विचारलं.

"वाचतात की. रोज वाचतात."

"कशावरनं?"

मला हसू आवरेना. मी सरांच्या टेबलावरचा कागदांचा गठ्ठा दाखवला. आबांनी वरचा कागद उचलून उजेडाकडे धरला. त्यावर घोंगडीसारखं कांबळं पांघरलेल्या, काठी घेतलेल्या एका मेंढपाळाचं चित्र होतं.

"तकडं बी मेंढरं हायती?"

"भरपूर आहेत म्हणतात."

"मंग आपली सोडून तकडची राखायला कशापायी गेला त्यो?" आबा कागद जागेवर ठेवत म्हणाले. मग काठीवर भार देत, "कवा व्हनार ह्ये? माझा दम आता चढावर पुरत न्हाई. मला बघायचंय ह्ये झाल्यालं."

ते पायऱ्यांवर दोनदा थांबून खाली उतरले. सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. त्या दिवसापासून मला त्या प्रबंधाची काळजी लागली. पुरा होतो की नाही याची नव्हे, आबांच्या डोळ्यांदेखत होतो की नाही याची.

पुढे काही महिन्यांनी मी येमाईच्या दर्शनाला कवठ्याला गेले आणि गावात शिरतानाच थबकले. रस्त्याकडेला भलामोठा फ्लेक्स. त्यावर फेटा बांधलेले आमचे सर. शेजारी लालभडक अक्षरांत 'डॉ.' आणि पुढे त्यांचं नाव. "स्कॉटलंडच्या साहित्यात पीएच.डी. मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" मागे परदेशातला किल्ला, किल्ल्याखाली काळी मेंढरं. तळाला शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. सरपंच, माजी सरपंच, दूध डेअरीचे चेअरमन आणि गॉगल लावून मोबाइल कानाला धरलेला तो एक तरुण. तो प्रत्येक गावाच्या फ्लेक्सवर असतो.

सोमवारी मी पेढे घेऊन गेले. "अभिनंदन सर! आम्हाला कळवलंही नाही."

सरांचा चेहरा पडला. प्रबंध दिलेला नव्हता. शेवटचं प्रकरणच लिहिलेलं नव्हतं. आणि गावात डॉक्टर म्हणून फ्लेक्स लागला होता.

"कुणीतरी माझा घात केला," ते म्हणाले. "विद्यापीठात कुणी फोटो पाठवला तर संपलंच." मग त्यांनी माझ्याकडे तो एक डोळा बारीक करून पाहिलं. "विषय तुम्हाला माहीत होता, मॅडम."

मला राग आला. मी पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढे आपटला आणि म्हटलं, "मी माझ्या नवऱ्याचा वाढदिवससुद्धा फ्लेक्सवर लावलेला नाही. तुमचा कशाला लावीन?" ते त्यांना पटलेलं दिसलं, कारण त्यांनी एक पेढा घेतला. हुंगून, पण घेतला.

मग आठवडाभर सरांनी तपास केला. आधी संशय हिशेबाच्या सरांवर. मग गावच्या निवडणुकीवर. फ्लेक्सवरच्या एकेका चेहऱ्याकडे ते जाऊन आले. सरपंच म्हणाले, "मला वाटलं चेअरमननी लावला." चेअरमन म्हणाले, "मला वाटलं सरपंचांनी." गॉगलवाल्याला तर आपण फ्लेक्सवर आहोत हेच माहीत नव्हतं. त्याला आनंद झाला, आणि त्यानं लगेच त्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला.

शेवटी शिरूरच्या फ्लेक्सवाल्यानं सांगितलं. "आवो, तुमच्या वडलांनीच क्येला की. घोंगडीवाले आबा. दोनदा आले. आदी मी पांढरी मेंढरं टाकली व्हती, ती बदलून काळी करून घेतली."

त्या रविवारी सर मला साक्षीदार म्हणून कवठ्याला घेऊन गेले. मीही गेले, कारण मला ते चुकवायचं नव्हतं. आबा अंगणात बसले होते. सरांच्या आई चुलीपाशी होत्या.

"आबा, ह्ये काय केलं तुमी?" सर घरी बोलताना गावचेच होऊन जायचे. "म्या डाक्टर झालो, कुणी सांगितलं तुमाला?"

"कुनी न्हाई."

"मंग?"

"लगीन लागायच्या आदी मांडव घालत्यात का न्हाई?" आबा शांतपणे म्हणाले. "एकदा मांडव पडला की नवरदेव पळत न्हाई. तुज्यावर भरवसा न्हाई माजा. तू कडंला आलं की मागं सरतुस. आता गाव बघतंय. आता पळ."

मी पदर तोंडाला लावला. या घरात संशय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता, आणि त्यात बाप लेकाच्या दोन पावलं पुढेच होता.

फ्लेक्स उतरवायला आबा काही कबूल होईनात. खोटं लावून ठेवायला सर कबूल होईनात. बरीच वादावादी झाली. शेवटी तोड निघाली ती अशी, की फ्लेक्स राहील, पण 'डॉ.' झाकायचं. सरांनी वायरमनची काळी चिकटपट्टी आणली. शिडी आबांनी धरली. आपणच लावलेलं अक्षर झाकलं जात होतं आणि आबा खालून सूचना देत होते, "निस्ती कडंनं चिकटव. अक्षराला गोंद लागू देऊ नगं. काढायची हाय ती."

त्यानंतर आबा भेटतील तेव्हा एकच विचारत, "पट्टी कवा काढतू?" सर लिहायला बसू लागले. एसटीत, लायब्ररीत, दौंडच्या स्टेशनवरच्या बाकावर. पण ते शेवटचं प्रकरण काही उघडत नव्हतं. आणि आबांचा दम आता चढावर तर सोडाच, अंगणातही पुरेनासा झाला होता.

थंडी संपता संपता आबांना शिरूरच्या दवाखान्यात ठेवलं. सर उशापाशी बसून असायचे. डॉक्टर काही सांगायचे, सर 'कशावरून' विचारायचे, डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे निघून जायचे. एका सकाळी आबा गेले. मी दुपारी कवठ्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर सर लायब्ररीत आले आणि नेहमीच्या जागी बसले. कागद काढले नाहीत. मीच चहा मागवला. त्यांनी तो न हुंगता घेतला, तेव्हा मला गलबलून आलं.

"माझ्या पुस्तकांत असतं ना मॅडम," ते म्हणाले, "तर आबांनी पानभर आशीर्वाद दिला असता. खाटेभोवती गाव असतं. आबा काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, फ्लेक्सचा दोर ढिला झालाय, वाऱ्यानं फाटंल, जा आवळून ये."

"मग?"

"मी गेलो. लगेच उठलो आणि गेलो. दवाखान्यात पडलेल्या माणसाला दोर ढिला झालेला कुठून कळणार? पण मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कशावरून न विचारता निघालो. जाऊन बघतो तर दोर पक्का. गाठ तशीच घट्ट. परत आलो तर..." त्यांनी कप खाली ठेवला. "ढिला नव्हताच, मॅडम. आबा खोटं बोलले."

लेकानं आपलं जाणं बघू नये म्हणून आबांनी त्याला घालवलं असेल. किंवा जाऊन ती पट्टी एकदा डोळ्यांखालून घालून ये, असंही त्यांच्या मनात असेल. मी दोन्ही बोलून दाखवलं. सर रडत होते. हातानं डोळे पुसायचे आणि हाताकडेच संशयानं बघायचे.

"मी आजवर एवढंच शोधत बसलो, की खोटं आहे की नाही," ते म्हणाले. "खोटं कुणासाठी सांगितलं, हे कधी विचारलंच नाही."

मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शिक्रापूरला एसटीत भेटलेल्या त्या बिहारी माणसाला मी तसं विचारायला नको होतं."

शेवटचं प्रकरण त्यांनी त्या उन्हाळ्यात लिहिलं. मी ते वाचलं आहे. इंग्रजी मला बेताचंच येतं, पण ते मला कळलं. त्यात लिहिलं होतं, की ही पुस्तकं गावात राहणाऱ्यांसाठी नव्हतीच. ती गाव सोडून गेलेल्यांसाठी होती. गिरण्यांच्या शहरांत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांसाठी, बोटीत बसून समुद्रापार गेलेल्यांसाठी. गावात बांध कोरले जातात हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांना फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं, की मागं सगळं ठीक आहे, तुम्ही तुमचं बघा. या प्रकरणात पेन्सिलीची एकही खूण नव्हती.

तोंडी परीक्षेला आम्ही स्टाफरूममधले बरेच जण पुण्याला गेलो होतो. हिशेबाचे सरही आले, देश आहे की नाही ते बघायला. बाहेरून आलेले परीक्षक शेवटी म्हणाले, "फार उत्तम काम झालं आहे." आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, "कशावरून?" सगळी खोली हसली. परीक्षकांनी मग खरंच पाच मिनिटं कारणं सांगितली. सरांनी ती मान खाली घालून ऐकली.

त्यानंतर सरांना कोकणात कायमची नोकरी लागली. आजोबा मेंढरं घेऊन उतरायचे, त्याच बाजूला. जाताना लायब्ररीतलं कार्ड परत केलं आणि मी त्यावर सही केली की नाही, ते दोनदा बघितलं. आता कॅन्टीनमध्ये दूध आजचं आहे का असं कुणी विचारत नाही. मावशी म्हणतात, "चुकल्या चुकल्यावानी हुतं बाई."

परवा येमाईला गेले होते, तेव्हा सरांच्या आईंना भेटून आले. रस्त्याकडेचा फ्लेक्स दिसला नाही. तो घरामागे होता, कोकरांच्या छपरावर घातलेला. आत वाकून पाहिलं तर आडव्या बांबूंमधून उलटा किल्ला दिसत होता. बाहेर येऊन वरून बघितलं. उन्हानं सगळा विटला होता. सरपंच कोण, चेअरमन कोण, ओळखू येत नव्हतं. सरांचा फेटाही पांढराफटक पडला होता. फक्त 'डॉ.' तेवढं नवंकोरं, लालभडक. इतके दिवस पट्टीखाली असल्यामुळे त्याला ऊन लागलंच नव्हतं.

"पट्टी कुणी काढली?" मी विचारलं.

"त्यानंच. परीक्षा झाली त्या दिशी आला, शिडी लावली आन् काढली. शिडी म्या धरली." सरांच्या आई एका कोकराला पोटाशी धरून बाटलीनं दूध पाजत होत्या. "आता रोज फोन करतो. आई, हितं समदं चांगलं हाय म्हंतो. जेवान चांगलं, मानसं चांगली. काळजी करू नगं म्हंतो."

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी विचारलं नाही.